गोल फिरवून काढलेला षटकोनी बोल्ट

हसू नका, पण बोल्टचं सहा बाजूंचं डोकं मी घरच्या छोट्या लेथवर काढलं आणि ते कसं निघालं हे मला अजून सांगता येत नाय.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शेजाऱ्यांच्या, सलीमभाईंच्या जुन्या स्कूटरचा मागच्या चाकाचा बोल्ट कुठंच मिळंना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बायकोला घेऊन कन्नडला लग्नाला जायचं होतं. मी व्हिडिओ बघून लेथवर सळई तासायला तीन धारदार पात्यांचं चाक बसवलं. इकडं सळई फिरायची, तिकडं चाक तिच्या दुप्पट वेगानं. बघता बघता सहा बाजू तयार. पाना चपखल बसला.

सलीमभाईंनी बोल्ट उलटापालटा करून बघितला. "सळई गोल फिरते, पातं बी गोल फिरतं. मग ही सपाट बाजू कुठून आली?"

"दुप्पट वेगामुळं."

"फिर तो और गोल होना था ना, भाऊसाब? समजल्याबिगर मी हा लावणार नाय. मागं बेगम बसते."

मग अंगणात मी सळई झालो, जागेवर फिरू लागलो. सलीमभाई पातं झाले आणि शेजारी हात पसरून दुप्पट वेगानं फिरू लागले. माझ्या दर फेरीला त्यांची बोटं माझ्या पोटाला लागायची. शेवटी दोघंही गरगरून पायरीवर बसलो.

"कळलं," ते डोकं धरून म्हणाले.

"काय कळलं?"

"हेच, की तुमाला बी कळलेलं नाय."

सकाळी ते एसटीनं गेले. बोल्ट माझ्याकडंच आहे. पाना अजून चपखल बसतो.