हेरंबरावांच्या हातातलं ओलं जाळं

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपल्या घरात दुखणं शिरलं, तर शेजाऱ्याला सांगायचं कधी? त्याच्या घरात शिरण्याआधी — की नंतर? हं, सगळ्यांनी माना डोलावल्या — ‘आधी, आधी!’ थांबा. इतक्या लवकर नका डोलावू. आख्यान संपल्यावर बघू कोण डोलावतं!

तर सांगलीत, विश्रामबागेकडे, हेरंबराव मराठे नावाचे गृहस्थ. बँकेतून निवृत्त. बंगल्यामागे तळं, तळ्यात रंगीत जपानी मासे — कोई म्हणतात त्यांना. मासे म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतले जागे झाले बघा! खायचे नाहीत हो — बघायचे! असे मासे पाळणाऱ्यांचं एक मंडळ आहे. वर्षातून एक रविवार ठरवायचा, गाडी करायची, आणि एकमेकांची तळी बघत हिंडायचं. यजमानानं टाळी वाजवायची, मासे वर आले की पाहुण्यांनी ‘वा!’ म्हणायचं. मनात काय म्हणायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं!

मंडळाचा एक नियम होता, कडक. नवा मासा आणला तर तीन आठवडे वेगळ्या टाकीत. दुखणं असेल तर तिथंच कळतं. हा नियम केला कुणी? सभेत टेबलावर हात आपटून केला कुणी? हेरंबरावांनी!

आणि त्याच हेरंबरावांनी एका वर्षी, ठरल्या रविवारच्या आदल्या आठवड्यात, लाल-पांढरा एक देखणा मासा आणला — आणि थेट तळ्यात सोडला. का? पाहुणे येणार होते! वेगळ्या टाकीतला मासा दाखवून कधी कुणाचं नाक वर झालंय?

रविवारची सकाळ. हेरंबराव चहाचा कप घेऊन तळ्याशी आले. बघतात तर काय — नवा मासा भिंतीला अंग घासतोय. घासला, वळला, परत घासला. आणि त्याच्यामागे जुन्यांतला एक — तोही!

बायको मृदुलाताई मागे उभ्या. “अहो, हा खाजवतोय.”

“खेळतोय.”

“शाळा सुटलेली पोरं आहेत का खेळायला? त्याला काहीतरी झालंय. फोन करा, येऊ नका म्हणावं.”

“आता? गाडी निघाली असेल!”

गाडी निघाली नव्हती, मंडळी. अजून कुणी आंघोळसुद्धा केली नव्हती! पण हेरंबरावांनी काय केलं? कारंजं मोठं सोडलं. पाणी असं उसळलं, की खाली मासा आहे की मगर, कळेना!

पाहुणे आले. कारंज्याचं कौतुक झालं. काठाशी पाण्यात हात घालून माशांना खाणं भरवून झालं. पोहे झाले. मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब शेडबाळे — आवाज असा, की कुजबुजले तरी मिरजेत ऐकू यावं — ते म्हणाले, “हेरंबराव, आता पुढचं घर इंदूकाकूंचं. त्यांचं जाळं फाटलंय. तुमचं घेऊ काय? सोनबाला उचलून मोजायचंय न्हवं!”

हा सोनबा म्हणजे मंडळातला सगळ्यात म्हातारा मासा. पिवळाधमक. इंदूकाकूंचे यजमान, कुरुंदवाडे मास्तर, यांनी आणलेला. मास्तर गेले. मासा राहिला. दर वर्षी त्याची लांबी मोजायची, टाळ्या वाजवायच्या — ही मंडळाची रीत.

हेरंबरावांनी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. आणि तोंडातून निघालं काय? “घ्या की!” नुसतं ‘घ्या’ म्हणून थांबले नाहीत — काल रात्रभर तळ्यात पडलेलं ते जाळं स्वतः उचललं, स्वतः गाडीत नेलं!

आता गाडी चालली. जाळं मांडीवर. टप... टप... पाणी धोतरावर ठिबकतंय — चुकलो, पँटवर! जमाखर्चाचा माणूस तो, मनात हिशेब सुरू. जाळं वाळेल का? वाऱ्यावर धरलं तर? खिडकीतून धरलं. शेडबाळे म्हणाले, “काय हेरंबराव, रस्त्यावरचे मासे पकडता होय?” सगळे हसले. हेही हसले. वाटलं, रस्त्यात टाकून द्यावं. पण लोक विचारतील — का टाकलं? काय सांगणार? वाटलं, मासा खेळतही असेल. मग वाटलं — दोन-दोन मासे? एकाच वेळी? तोच खेळ?

इंदूकाकूंचं घर आलं. काकू तळ्याच्या काठावर बसलेल्या. त्यांनी पाण्यावर बोटांनी हळूच थापटलं. सोनबा आला — संथ, जडशीळ, एखादा निवृत्त हेडमास्तर यावा तसा! काकूंच्या बोटांना तोंड लावून थांबला.

“यांच्याच हातचं खायचा,” काकू म्हणाल्या. “ते गेल्यावर महिनाभर वर आला नाही. मला वाटलं, हाही जातो. मग एक दिवस आला आपला.”

शेडबाळ्यांनी जाळ्याचा दांडा हातात घेतला. “चला, सोनबाराव, मापाला या!” जाळं पाण्यावर आलं. खाली आलं. पाण्याला टेकणार —

“थांबा!”

हेरंबरावांनी दांडा धरला! शेडबाळे ओढतायत इकडं, हे ओढतायत तिकडं!

“अहो सोडा की! काय झालं काय तुम्हाला?”

“माझ्या तळ्यात दुखणं आहे!”

झालं. शब्द बाहेर पडले. “नवा मासा आणला... वेगळा ठेवला नाही. सकाळपासून अंग घासतोय. मला माहीत होतं. मी कारंजं लावून झाकलं.”

शेडबाळ्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “आम्ही तुमच्या पाण्यात हात घातले, हेरंबराव. खाणं भरवलं तुमच्या माशांना. आमची तळी नाहीत व्हय?”

प्रत्येकानं आपापल्या हाताकडे पाहिलं. हेरंबरावांना वाटलं, काकूंनी शिव्या द्याव्यात. काकू उठल्या, आत गेल्या. गेल्या त्या येईनातच! परतल्या तेव्हा हातात बादली. पाणी जांभळं — भाजी धुवायला टाकतात ना, ते औषध, पण घट्ट, चांगलं मूठभर टाकलेलं.

“जाळं इकडे. आणि हात कोपरापर्यंत. आधी तुम्ही, मराठे.”

हेरंबरावांनी हात घातले. काढले ते खजुरासारखे तपकिरी! मग शेडबाळे. मग एकेक जण. सोनबाला त्या वर्षी कुणी मोजलं नाही.

“काकू, मी जातो,” हेरंबराव म्हणाले.

“कुठं जाता? चहा टाकलाय. तळ्यापासून लांब बसा म्हणजे झालं.” आणि कप देताना हळू म्हणाल्या, “घरीच बोलला असता, तर या सगळ्यांची झोप वाचली असती. पण जाळं टेकल्यावर बोलला असता, तर मी तुम्हाला या घरात पुन्हा घेतलं नसतं.”

नवा मासा वाचला नाही. हेरंबरावांचं तळं वर्षभर पाहुण्यांना बंद झालं. शेडबाळ्यांच्या तळ्यात औषध म्हणून मिठाचं पाणी करावं लागलं, त्यांनी ते चारचौघांत बोलूनही दाखवलं. सोनबा मात्र सुखरूप! आणि ते डाग? आठवडाभर जाईनात. भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत जो तो विचारी, “हाताला काय झालं?” — आणि हेरंबराव प्रत्येकाला सगळं सांगत. पहिल्यांदा अडखळत. मग सरळ.

हसलात मंडळी! आता तुमच्याकडे येतो. स्थळ बघायला पाहुणे येतात. मुलाला फिट येते — सांगता? “लग्न झालं की होईल नीट!” म्हणता, आणि दुसऱ्याच्या लेकीच्या गळ्यात बांधता! त्या खांबाजवळच्या बाई, तुम्ही मान का खाली घातलीत? मी नाव घेतलं नाही हो! सुरुवातीला ‘आधी, आधी’ म्हणून डोलावणारे आता इतके गप्प का?

हेरंबरावांचं पाणी अगदी काठाला आलं होतं, तरी तोंड उघडलं. तुमच्याकडे अजून वेळ आहे. पाहुणे रविवारी यायचे असतील. तर घरी जा, आणि आजच फोन करा. देव भजनाला प्रसन्न होतोच, पण त्या फोनला आधी होईल. म्हणा माझ्याबरोबर, मोठ्यानं — विठ्ठल, विठ्ठल!