चार बोटांची सुरी

माझं माहेर वाघोलीचंच आन् सासरबी वाघोलीचंच, मधी फक्त एक ओढा, त्यामुळं नवऱ्यावर रुसून माहेरी गेलं तरी भाकरी थापायच्या टायमाला परत यावं लागायचं, असं माझं लगीन. नाव कौसल्या, पण त्या नावानं मला आता फक्त बँकेचं पासबुक ओळखतं, बाकी समदे मावशीच म्हणत्यात. आमचा बा दुसऱ्याची पेरूची बाग राखायचा. कंबरेला कायम एक बारकी सुरी, त्याच सुरीनं तो कलम बांधायचा, पेरू कापायचा, पायातला काटा काढायचा, आन् म्हणायचा, कौसे, ज्याच्या कंबरेला सुरी हाय त्याला दर घडीला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागत न्हाई. आन् दुसरी एक गोष्ट म्हणायचा, धारेची वस्तू हातातनं हातात द्यायची न्हाई, खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची, न्हाईतर भांडण लागतं. मी आन् माझ्या धाकट्या बहिणीनं एकदा इळी अशीच हातातनं हातात दिली, तवापासून आमी दोघी बोलत न्हाई. म्हणजे बोलतो, पण कामापुरतं.

मंग बाग गेली, रस्ता रुंद झाला, आन् रस्त्याला काचेच्या बिल्डिंगी आल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या. काय सांगू तुमास्नी, सात मजले आन् एक खिडकी उघडत न्हाई. त्यास्नी वाटलं असंल आत जरा हिरवं असावं, म्हणून मजल्यामजल्यावर कुंड्या, आन् कुंड्या बघायला मी. ठेकेदारानं काय दिलं, तर खाली कुंपण कापायची माझ्याएवढी कात्री. आता सातव्या मजल्यावर मनीप्लांटचं एक पिवळं पान काढायला ती कात्री घेऊन लिफ्टमधी गेले, तर आतली समदी पोरं भिताडाला चिकटली. एक तर लिफ्ट थांबायच्या आदीच उतरायला बघत व्हता.

म्हणून म्हटलं, आपल्याला बासारखी सुरी पायजे. दुसऱ्या दिवशी घरचा इळा पिशवीत घातला. गेटवर सुभेदार. ते खरंच सुभेदार, फौजेतनं रिटायर झालेले, मिशा अजून ड्युटीवर. इळा बघून म्हणले, मावशी, हे आत नाही जाणार, चार बोटांच्या वर पातं असलं की ते हत्यार. मी म्हटलं, आन् चार बोटांच्या आत? ते म्हणले, मग ते अवजार.

आता चार बोटांचं शोधायचं. पयला घेतला बस थांब्यावरचा घडीचा चाकू, लाल मुठीचा, दिसायला नवरदेवावाणी. तिसऱ्याच दिवशी जोर देऊन सुतळी कापताना घडी मिटली ती माझ्या बोटासकट. हे बघा, अजून खूण हाय. तवा कळलं, मिटणारा चाकू हा खिशासाठी केलेला असतोय, कामासाठी न्हाई. कामाला न मिटणारी सुरी पायजे आन् तिला म्यान पायजे, हे मला एका बोटानं शिकवलं.

मंग गेले कोथरूडला. धाकटी बहीण तिथंच दिलीया, कामापुरतं बोलायचं हे कामच व्हतं. ती म्हणली, आमच्या इथं एक भांड्याचं दुकान हाय, तिथं मिळंल. दुकानदार पेपर वाचत व्हता. म्हटलं, बारकी सुरी दाखवा. तो म्हणला, बघायची आहे की घ्यायची आहे? म्हटलं, बघून घ्यायची हाय. मंग उठला, एक सुरी काढली, पातं पत्र्यावाणी लवलवतंय, मूठ पिलास्टिकची. म्हटलं, ही कुंडीतल्या मुळ्या कापंल का? तो म्हणला, अहो ती कांदे कापायला आहे, मुळ्या कापायच्या असतील तर कुदळ घ्या, ती आमच्याकडं नाही, आणि आता दुकान बंद व्हायची वेळ झाली. तवा बारा वाजले व्हते दुपारचे.

कंपनीतला एक इंजिनियर पोरगा लई चांगला, त्यानं कॉम्प्युटरवर परदेशातली सुरी दाखवली, काय तिचं रूप, काय तिची मूठ. म्हटलं, बाबा किंमत सांग. त्यानं सांगितली. म्हटलं, एवढ्यात दुभती शेळी येती, आन् ती पानंबी खाती, सुरीचं कामच उरत न्हाई.

शेवटाला सुभेदारांनीच पत्ता दिला, पेठेत मेहबूबचाचा म्हणून सुऱ्या घडवत्यात, त्यांच्या आज्यापणज्यापासनं. मी गेले. म्हातारा माणूस, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी म्हटलं, सुऱ्या दाखवा, तर ते म्हणले, आधी आपण हात दाखवा. तळहात बघितला, ज्योतिषी बघतोय तसा, आन् इचारलं, काय कापता, कुठल्या हातानं, पाणी लागतं का, बसून कापता की वाकून. एवढी चौकशी माझ्या लग्नातबी कुणी केली नव्हती. मंग करवतीच्या जुन्या पात्याची सुरी घडवली, पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, मूठ बाभळीची, वर चकाकी न्हाई, म्हणले, ओल्या हाताला चकाकी सरकते. चामड्याचं म्यान. म्हणले, ही गंजेल, रोज पुसा, तेलाचं बोट लावा, न गंजणारी पण देईन, पण तिला तुम्ही विसराल. आन् सुरी हातात दिली न्हाई हो. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवली आन् हात मागं घेतला. तवाच म्हटलं, माणूस बरोबर हाय.

सुभेदारांनी चार बोटं लावली, बरोबर भरली, आत सोडलं. आन् मंग गंमत बघा. त्या बिल्डिंगीत कुणाकडंच चाकू न्हाई, गेटवर समदे काढून घेतलेले, आन् रोज एकाचा वाढदिवस. केकला दिलेली पिलास्टिकची सुरी मोडली की मावशींना बोलवा. खोकं फोडायचंय, मावशी. नव्या कुर्त्याचं लेबल टोचतंय, मावशी. सुभेदारबी जेवणानंतर आंबा कापायला मलाच हाक मारायचे, आन् अवजार जरा द्या म्हणायचे.

पण ॲडमिनच्या मॅडम नव्या आल्या. वय पस्तीस, चालणं खटाखटा. त्यांनी मला कुंडीपाशी सुरीसकट बघितलं. मावशी, हे शस्त्र आहे, म्हणाल्या, आणि आपण ते रोज आत आणता? मी म्हटलं, मॅडम, अवजार हाय. त्या म्हणाल्या, द्या इकडे. मी खाली ठेवायला वाकले, तर त्यांनी माझ्या हातातनंच घेतली. म्हटलं, लागलं आता भांडण. आन् लागलंच. सुभेदारांनी रदबदली करून सुरी परत मिळवून दिली, पण मॅडमनी सांगितलं, दसऱ्यानंतर ही सुरी आत दिसता कामा नये, दिसली तर तुम्ही दिसणार नाही. माझं पोट त्या कामावर व्हतं, नवरा तवा अंथरुणाला. मी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. सुरीबिगर काम व्हणार न्हाई आन् कामाबिगर घर चालणार न्हाई.

आली खंडेनवमी. कंपनीत समदे नटून आले, पोरी नऊवारीत, मॅडमनी आईची पैठणी नेसली व्हती. खालच्या हॉलात चौरंग मांडला, वर देवीचा फोटो, कॉम्प्युटरला हळदकुंकू, स्क्रूड्रायव्हर, कात्र्या, कागदाचा भुगा करायच्या मशीनला हार. मीबी माझी सुरी ठेवली, म्हटलं, शेवटची पूजा तर पूजा. आता पूजलेलं अवजार दसऱ्यापर्यंत चालवायचं न्हाई, हे शेंबड्या पोरालाबी ठाऊक. पण मॅडमला काय कागद लगीच भुगा करायचे व्हते. हार बाजूला सारून मशीन लावलं, वाकल्या, आन् कंबरेला आवळून खोचलेल्या पदराचं टोक गेलं मशीनच्या तोंडात.

मशीन पदर गिळाया लागलं आन् मॅडम वाकत वाकत मशीनकडं. गळ्यातली माळबी खाली लोंबायला लागलेली. भोवती चाळीस-पन्नास इंजिनियर. एक म्हणतोय बटण बंद करा, बटण चौरंगाच्या मागं. एक म्हणतोय कात्री आणा, कात्र्या समद्या चौरंगावर, हळदकुंकू लागलेल्या, आन् एकजण हात लावंल तर शपथ. एवढी शिकलेली पोरं, पण पूजा ती पूजा. मलाबी हात लावायचं धाडस व्हईना, बा आठवला. मंग मॅडम ओरडल्या, मावशी. फक्त तेवढंच. मी म्हटलं, आई, माफ कर, दोन झेंडू बाजूला केले, सुरी उचलली आन् पदर सर्रकन कापला. चार बोटं पदर मशीननं खाल्ला, बाकी पैठणी वाचली, मॅडमबी वाचल्या. सुरी पुसून परत देवीपुढं ठेवली आन् मी कुंड्यांकडं निघून गेले, कारण रडू आलं असतं.

दसऱ्यानंतर कामावर आले तर गेटवर मॅडम उभ्या. हातात माझी सुरी, म्यानासकट. म्हटलं, झालं, आता काय मी हितं दिसायची न्हाई. सवयीनं हात पुढं केला. तर मॅडम त्या खटाखटा बुटांवर वाकल्या, सुरी पायरीवर ठेवली, एक पाऊल मागं सरल्या आन् म्हणाल्या, उचला. सुभेदार तिकडं मिशीला पीळ देत आभाळ बघत व्हते. सुरीखाली कागद व्हता, सहीशिक्क्याचा, मावशींचे अवजार, सोडावे. काम सोडंस्तवर तो कागद मी जपला.

मॅडम आता परदेशात हायती. दिवाळीला फोन करत्यात, पैठणी अजून नेसत्यात, पदर चार बोटं आखूड हाय म्हणत्यात. चाचा गेले. माझं कामबी सुटलं. सुरी घासून घासून तीन बोटांची झालीया, म्हणजे आता तर सुभेदारबी अडवायचे न्हाईत. बहिणीशी मात्र अजून कामापुरतंच, तिथं कुणी इळी खाली ठेवली न्हाई, मीबी न्हाई, तीबी न्हाई. येत्या दसऱ्याला जाईन म्हणते, ठेवीन मीच.

घ्या, पेरू खावा, देव तुमचं भलं करो. कापून देते थांबा. सुरी बघायचीया? ही बघा, खाली ठेवली. उचला तुमी. आन् बघून झाली की खालीच ठेवा बाबा, या वयात नवं भांडण मला झेपायचं न्हाई.