इंजिनखोलीतलं भूत

हॅलो?… हं, बोल ताई… अगं हो, बोटीवरच आहे अजून. बाबांच्या युद्धनौकेवर… संग्रहालय ना? छान आहे, रंगबिंग लावून चकाचक केलंय… ते राहू दे. तू ऐक.

भुताची फेरी? केली… हो, तू नको म्हणाली होतीस. हात धुऊन मागे लागली होतीस. का, ते आज कळलं!

अगं ऐक ना… गाईडनं आम्हाला खाली इंजिनखोलीत उतरवलं. दिवे घालवले. म्हणाला, इथला एक मेकॅनिक वाफेत होरपळून मेला, तो अजून हाका मारतो… हो, हो, मलाही आधी हसूच आलं. आणि मग पाइपांमागून आवाज आला. "कुठं गेल्या गं माझ्या दोघी?"

…हॅलो? आहेस ना?… बाबांचा आवाज होता तो!

गाईड म्हणतो, दोघी म्हणजे त्याच्यादेखत बुडालेल्या दोन नौका! नौका, ताई! तू आणि मी!

दुसऱ्या कुणाचा असेल? मला शिकवू नकोस! "दोघी" म्हणताना मध्येच खोकले होते ना, तो खोकलासुद्धा आहे. आपण पडद्यामागं लपायचो, खाली पाय दिसायचे, आणि बाबा मुद्दाम घरभर शोधत फिरायचे… ते टेप केलेली तीच कॅसेट. बुरशी लागली, फेकून दिली म्हणालीस ती! किती रडले मी तेव्हा… आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत बसलीस!

काय?… भाऊजींनी?… म्हणजे भाऊजींना इथलं आवाजाचं काम मिळालं, त्यांना खरा, जुना आवाज हवा होता, आणि तू बाबांना उचलून दिलंस?… मला का नाही विचारलं?… "तू नाही म्हणाली असतीस"! धन्य आहे बाई तुझी.

लोक किंचाळतात गं… एक बाई नवऱ्याला बिलगली, मग सगळे खो-खो हसले. घरी, आपल्या पलंगावर शांत गेलेला माणूस… त्याचं भूत केलंत तुम्ही.

रडू नकोस. तुझं रडणं मला आता खरं वाटत नाही.

मग कॅसेट दे माझी… काय?… तुटली? भाऊजींच्या मशीनमध्ये?… म्हणजे सगळीच गेली? एवढं एक वाक्य राहिलं?

कॉपी मागून आणतेस? कशाची? तो घुमवलेला, भुताचा आवाज घेऊन मी घरी काय करू?

नाही, मी येत नाही. जेवायला थांबू नका… रांगेत आहे… त्याच फेरीच्या. हो, परत!… अगं, मग कुठं ऐकू? सांग ना, कुठं ऐकू मी?…

ठेव आता. दार उघडलं. बाबा बोलतील एवढ्यात.