आणखी एक वीण

आजारी मांजर मांडीवर घेऊन बसलेल्या एका प्राध्यापकांना शेजारच्या बाकावरचं बोलणं ऐकणं भाग होतं. मेंढपाळी जातीच्या देखण्या कुत्र्याला मुसकं बांधून एक बाई दवाखान्यात आली होती आणि त्याची पैदास करून तिला विकणारा गृहस्थ तिच्या मागोमाग हात चोळत आला होता.

"चावला म्हणजे काय ताई, खेळाच्या भरात."

"लेकीच्या गालाला टाके पडलेत. ती नुसती अंगणात धावत होती."

"याचे पूर्वज मेंढरं वळायचे हो."

"मेंढरू फाडणाऱ्या कुत्र्याची पिल्लं मेंढपाळ ठेवायचा का?"

"ते दिवस गेले. याच्या बापाचे नुसते फोटो बघून रांग लागली होती."

"बाप चावायचा?"

"जरा तापट होता."

"हे तेव्हा बोलला नाहीत."

"तुम्ही डोळ्यांचा रंग विचारलात. स्वभाव कोण विचारतं?"

"खरंय. मी नाहीच विचारला."

"मग मला परत द्या की. मुक्या जीवाला कशाला मारता?"

"मारायला नाही आणला. नसबंदी करायची आहे. राहील माझ्याकडेच."

गृहस्थ ताडकन उठला.

"नसबंदी? अहो, असे निळे डोळे शोधून सापडायचे नाहीत! निदान आणखी एक वीण होऊ द्या!"

"टाके ऐकून तुमचा आवाज एवढा चढला नव्हता."

आतून डॉक्टरांनी हाक मारली. गृहस्थाने कुत्र्याचा पट्टा घट्ट धरला.

"ताई, एकच वीण."

"ती पिल्लं जातील त्या घरांत लेकरं असली तर?"

"ते गिऱ्हाइकाने बघायचं."

"म्हणजे मीच," बाई म्हणाली आणि पट्टा हिसकून आत गेली.