आता वाजवा

माह्यं चुकलं का, हे इचारूच नका. चुकलंच.

आमच्या राजूरले दसऱ्याले देवीची मिरवणूक निघते, अन् त्याच टायमाले बाजूच्या बुद्धविहारात वंदना असते. आमचा जुना रिवाज असा, का वंदना आटपली का तिथले मेश्रामकाका सोता चालत येत अन् म्हणत, "झालं आमचं. आता वाजवा." मंगच आमचा बँड सुरू होये.

औंदा डीजे होता, अन् मिरवणुकीले बलावलेल्या पाहुण्याले पुढं वणीले जायची घाई. मंडळाचा अध्यक्ष मले म्हणे, "काहून थांबून राह्यला? थोडं आधी वाजवलं तं काय होते?" अन् म्याच डीजेवाल्याले हात केला.

पोट्टे नाचून राह्यले होते. दोनच मिनिटात काका दिसले, पांढरा सदरा घातलेले, गर्दीतून वाट काढत. एवढ्या लवकर वंदना आटपतच नाही, हे मले ठाऊक होतं. मले वाटलं, आता भांडतीन. भांडले असते तं बरं झालं असतं, गड्या.

ते माह्या कानाजवळ वाकले अन् दरसालसारखंच म्हणे, "झालं आमचं. आता वाजवा."