उपाशीपोटी दिलेली गोळी

पनवेलच्या एका हॉस्पिटलात, आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी तुळशीराम नावाचे म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांची मुलगी निशा उलव्याहून धावत आली.

"बाबा, आईला काय झालं?"

"सकाली उठलीच नाय. रगतातली साखर पार उतरून अठ्ठावीस निघाली. सलाईनमधून साखर चढवली, तरी डोले उघडत नाय."

"काल जेवली होती ना?"

"दोन दिस उलट्या व्हत व्हत्या. पेज पन ठरली नाय."

"आणि शुगरची गोळी?"

"ती मी दिली, दोनी टायम. चुकवू नका, असं तूच बोललेलीस."

"जेवली नसेल तर डॉक्टरांना विचारायचं होतं, बाबा."

"आता डॉक्टरनी सांगितलं. ती गोली इन्सुलिन बनवनाऱ्या पेशींमधली पोटॅशियमची दारं बंद करते, मग इन्सुलिन सुटतच ऱ्हातं नि साखर उतरतच जाते. पोटात अन्न हाय का नाय, ते गोलीला कलत नाय."

"आई शुद्धीवर येईल ना?"

"मेंदूला लय इजा झालीय. आता आशा नाय, बोलले."

"तुम्ही काळजीपोटीच दिलीत, बाबा."

"ती नको नको म्हनत व्हती, निशा. मी तिच्यावर खेकसलो, तवा तिनं गिलली."