वीज पडायच्या आधीचा चहा

शेंद्र्याहून शहराकडं निघालेल्या बसमध्ये कालिंदीच्या पुढच्या सीटवर रामकिसन आणि आवडाबाई हे नवरा-बायको होते. गच्चीवरच्या पवनचक्कीचा जळलेला कंट्रोलर पिशवीत घालून रामकिसननं मांडीवर धरला होता.

"टीव्ही गेला, फ्रीज गेला, ह्यो डबा बी गेला."

"दुकानात नेतोयच की."

"आभाळ गरजायलं तवाच पवनचक्कीची वायर काढायची. तुम्ही खालून चहा चहा करून वरडत बसले!"

"व्हय."

"मी गच्चीवर पवनचक्कीच्या खांबापाशी कुरडया गोळा करत होते. निम्म्या तशाच टाकून आले, गॅसवर आधण ठेवलं, अन् खांबावर वीज! देवानंच वाचवलं मला."

"व्हय."

"नुसतं व्हय काय?"

"इजा चमकायल्यात, खाली ये म्हणलं असतं, तर आली असतीस?"

"कुरडया टाकून? नाय."

"म्हणून चहा मागितला."

कालिंदीनं कानातले इअरफोन काढले.

"तरीच," आवडाबाई म्हणाली. "कप भरलेला तसाच होता तुमचा."

"चहा कुणाला पायजे होता गं."

सिडकोचा स्टँड आला. आवडाबाईनं त्याच्या मांडीवरची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

"दुकान कुठं पळून जात नाय. आधी चहा प्या."